उताराचं पाणी, चढाचं पाणी

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस असला की त्या रात्री कुणी धड झोपत नाही. झोपतो, पण एक कान नळाकडं ठेवून. आधी नळातून नुसती हवा येते, फुसफुस करत, मग दोन-चार मिनिटं काळपट गढूळ पाणी, ते कुंड्यांना, आणि मग खरं पाणी. त्या हवेच्या आवाजानं आई जागी होते, तिला अलार्म लागत नाही. उठते, हौदाचं लोखंडी झाकण सरकवते, बॅटरी मारून आत बघते. हौदाच्या आतल्या भिंतीवर तिनं पांढऱ्या ऑइलपेंटनं रेघा मारून ठेवल्यात, एक रेघ म्हणजे एक दिवस. आज आठ रेघा आहेत. पूर्वी पाच होत्या, मग पाण्याचा गॅप वाढत गेला, हौदच खोल करून घ्यावा लागला आणि तीन रेघा वाढल्या.

मी एका सर्व्हेअरच्या ऑफिसात ऑटोकॅडवर लेआऊट काढायचं काम करते, बारा वर्षं झाली. पैठण रोड, शेंद्र्याकडं, सावंगीच्या पुढं, जिथं शेतात मधोमध 'एनए-४४ प्लॉट, बँक लोन उपलब्ध' असे बोर्ड दिसतात त्यातले काही नकाशे माझ्या हातचे आहेत. नकाशात आधी हद्द येते, मग नऊ मीटरचे, बारा मीटरचे रस्ते, मग प्लॉट, मग ओपन स्पेस, आणि सगळ्यात शेवटी नाला. नाला निळ्या रेघेनं दाखवायचा. ती निळी रेघ ओढताना माझा हात दर वेळी थोडा थांबतो, कारण मी ज्या नाल्याच्या काठानं शाळेत गेले, ज्याच्यात खेकडे धरले, तो आज कुठल्याच नकाशात नाही. त्याच्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर दुकानं आहेत, आणि जोराचा पाऊस झाला की तो दुकानांच्या शटरखालून बाहेर येतो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, अंबड तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आज्यानं रोजगार हमीवर खडी फोडली, त्यातलं काही आप्पांना आठवतं, सुकडी खाल्लेली आठवते. पुढं शेतात काही राहिलं नाही म्हणून ते शहरात आले, चिकलठाणा एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला लागले. तो काळच तसा होता. सत्तरच्या दशकात सिडको या सरकारी महामंडळानं नवं शहर आखायला घेतलेलं, १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, १९८५च्या सुमाराला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि बीड, जालना, परभणीपासून माणसं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती. सिडकोनं एन-वन, एन-टू करत चांगली आखणी केली, रस्ते रुंद, मैदानं सोडलेली, पाण्याच्या टाक्या आधी उभ्या. माझी मावशी हडको वसाहतीत राहायची, तिच्याकडं गेलं की मला ते परदेशासारखं वाटायचं. पण वर्कशॉपमधल्या हेल्परला सिडकोचा नंबर कधी लागायचा? त्याच्यासाठी गुंठेवारी होती.

गुंठेवारी हा शब्द आमच्या शहरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, १०८९ चौरस फूट. शेतकरी आपलं शेत एजंटाला धरून तुकड्यांनी विकायचा, ना एनए (बिगरशेती परवाना), ना मंजूर नकाशा, शंभराच्या बॉण्डवर सही की झाला व्यवहार. आप्पांनी घेतला तो वीस बाय तीस, सहाशे फूट, म्हणजे गुंठ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. गारखेड्याच्या पुढं तेव्हा ज्वारी होती. सौदा झाला त्या दिवशी आप्पांनी विचारलं, 'पाण्याचं काय?' शेतकरी म्हणाला, 'हीर हाय की मागं, कामून काळजी करता?' अशी शेकडो शेतं वस्त्या झाली, पुढं २००१ साली राज्य सरकारनं गुंठेवारीचा कायदा करून ती नियमित करायची वाट काढली. कागद नियमित झाले. पाणी व्हायचंय अजून.

त्या विहिरीविषयी मला सविस्तर सांगायचंय. चाळीस एक फूट खोल, हातानं खोदलेली, वरची दहा फूट दगडी बांधकाम आणि खाली नुसता कापलेला खडक. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की विहिरीच्या पोटात जमिनीचे थर दिसायचे. वर काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या, तो मऊ, ठिपक्याठिपक्यांचा, आणि त्याच्या खाली काळा पाषाण, ज्याच्यावर पहार मारली तर ठिणगी उडते. मांजऱ्या आणि काळ्या पाषाणाच्या सांध्यातून, बोटभर फटीतून, पाणी झिरपत असायचं, तिथं कायम शेवाळ आणि एक भारद्वाज यायचा. मी पालथी झोपून ते बघायचे, आई ओरडायची. आपला मराठवाडा सगळा असाच आहे, एकावर एक लाव्ह्याचे थर, पाणी राहतं ते फक्त वरच्या कुजलेल्या खडकात आणि सांध्यांत. माळवदासारखं समजा, वरची माती पाणी धरते, खालची फळी धरत नाही. त्यामुळं पावसाचं पाणी वर जिरलं तरच विहिरीला झरा. आणि आम्ही काय केलं, तर वर सगळा सिमेंट रोड केला.

विहीर एका दिवसात बुजली नाही. आधी गणपती शिरवायला लागले, ते चाललं. मग निर्माल्य, मग कुणाच्यातरी बांधकामाचा राडारोडा, मग एका वर्षी एक वासरू पडलं आणि वास सुटला, तेव्हा वस्तीनंच वर्गणी काढून मुरमाचे टिप्पर आणून ती भरली. आप्पांनी पण वर्गणी दिली. आज तिथं सभामंडप आहे. विहीर गेली तशी बोअरची रांग लागली, पहिलं दीडशे फुटांवर लागलं, मग तीनशे, मग शेजाऱ्यांनी सहाशेपर्यंत मारलं आणि नुसती धूळ उडाली, पांढरी, दोन दिवस कपड्यांवर. सहाशे फुटांवर पाणी असतं हे कुणी सांगितलं आम्हाला? बोअरवाल्या गाडीनंच. झरा चाळीस फुटांवर होता आणि तो आम्हीच झाकला होता.

आता इथं मला मलिक अंबरकडं वळायचंय, कारण माझ्या डोक्यात ही दोन पाणी कायम शेजारी शेजारी असतात. हे शहर मुळात खडकी नावाचं गाव, नावातच खडक. १६१० साली मलिक अंबरनं इथं निजामशाहीची राजधानी वसवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस, हातोहात विकत विकत दख्खनला आला आणि वजीर झाला. पुढं त्याच्या मुलानं, फतेहखानानं, शहराचं फतेहनगर केलं, १६५३नंतर औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, खडक तोच. आणि या खडकावर हजारो माणसं वसवायची तर पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न त्या माणसानं पहिल्या सात-आठ वर्षांतच हातात घेतला. १६१७-१८च्या सुमाराला नहर-ए-अंबरीचं काम झालं.

नहर म्हणजे वरून वाहणारा कालवा नाही, इथंच लोकांचा गोंधळ होतो. ती जमिनीच्या पोटातून जाते. उत्तरेला डोंगर, तिथून शहर उताराला. डोंगराच्या पायथ्याचा, नदीच्या काठचा पाझर जमिनीखालीच गोळा करायचा, बांधीव बोगद्यातून हळूहळू उतरत आणायचा, आणि शहरात खापराच्या नळांनी हौदांना वाटून द्यायचा. ना मोट, ना बैल, ना काही. नुसता उतार. मध्ये मध्ये हवा जायला आणि माणसाला आत उतरून साफ करायला वर तोंडं ठेवलेली. मी ऑफिसात कंटूर, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेघा, बघते तेव्हा मला या कामाची खरी किंमत कळते. किलोमीटरच्या किलोमीटर जमिनीखालून उतार सांभाळायचा, थोडा जास्त झाला तर बांधकाम धुऊन जाणार, थोडा कमी पडला तर गाळ बसणार, आणि हातात ना टोटल स्टेशन ना जीपीएस.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी हर्सूलच्या बाजूला गेले होते. झाडोऱ्यात असं एक तोंड सापडलं, चुन्यात बांधलेलं, वरची फरशी अर्धी सरकलेली, आत चिप्सची पाकिटं. मे महिना, दुपारचे बारा. मी हात आत घातला तर गार हवा लागली, आजीच्या माजघरातल्यासारखी. एक खडा टाकला. क्षणभर काही नाही, मग खालून डुबुक्. म्हणजे पाणी होतं. चारशे वर्षांनंतर मे महिन्यात, बिनलाईटचं. मी तिथं बराच वेळ बसले, आणि मग उठून फरशी जेवढी सरकवता आली तेवढी सरकवली.

पाणचक्की तुम्ही पाहिली असेल, शाळेची सहल तिथं जातेच. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ, खाम नदीच्या काठाला. वेगळ्या नहरीचं पाणी खापराच्या नळातून येतं, उंच भिंतीवर चढवतात आणि तिथून हौदात पडतं, त्याच्या जोरावर जातं फिरायचं, आल्यागेल्या फकिरांसाठी पीठ निघायचं. सहलीत सगळी मुलं हौदातले मासे बघतात. मला आठवतं ते हौदाखालचं दालन. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी भरलेलं आणि खाली माणसं गारव्याला बसलेली. पाणी एकदा आणलं की त्याच्याकडून चार कामं करून घ्यायची, दळायचं, प्यायचं, गार करायचं, आणि उरलेलं बागेला सोडायचं. आमच्या घरी आई भाजी धुतलेल्या पाण्यानं पायरी धुते आणि तेच तुळशीला जातं, तिला हे दालन दाखवलं तेव्हा ती म्हणाली, 'शहाणा होता माणूस.'

मग हे सगळं सुटलं कधी? एका रात्रीत नाही, विहिरीसारखंच. शहर तटाबाहेर गेलं, हर्सूलच्या तलावाचं पाणी अपुरं पडायला लागलं, आणि १९७६ साली पैठणजवळ गोदावरीवरचं जायकवाडी धरण पूर्ण झालं. १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी, १९७६ला इंदिरा गांधींच्या हातून लोकार्पण. एवढं मोठं पाणी उशाला आल्यावर डोंगराच्या पाझराकडं कोण बघणार. नहरीवर घरं झाली, पाया खोदताना खापराचे नळ फुटले, काही ठिकाणी ड्रेनेज त्यात मिसळलं.

इथं एक गोष्ट आहे जी मला वाटतं आमच्या शहरात प्रत्येक पोराला शाळेत शिकवायला पाहिजे. जायकवाडी दक्षिणेला आहे, शहराच्या खाली. धरण काठोकाठ भरलं तरी पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून ४६४ मीटर. हा आकडा मराठवाड्यात शेतकऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत पाठ असतो. आणि शहराची उंची साधारण ५६८ मीटर. म्हणजे धरण तुडुंब असलं तरी पाण्याला ४० एक किलोमीटर चालायचं आणि शंभर मीटरच्या वर चढायचं. ते आपल्या पायानं चढत नाही, ढकलावं लागतं, पंपावर पंप लावून, जॅकवेलमधून, म्हणजे धरणातल्या पंपाच्या विहिरीतून, उचलायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला वर चढवायचं, मग टाक्यांना. म्हणून तिकडं लाईट गेली की इकडं एन-सेव्हनच्या टाकीचं टाइमटेबल बदलतं, आणि आमच्या गल्लीतल्या बायका रात्री तीनऐवजी पहाटे पाचला उठतात. मलिक अंबरचं पाणी उतारानं येत होतं. आमचं चढानं येतं, आणि चढाची किंमत दर तासाला मोजावी लागते.

जुन्या लाईन ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, ठिकठिकाणी फुटणाऱ्या. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, अडीच मीटर व्यासाची पाइपलाईन. पैठण रोडनं जाताना ते पाइप रस्त्याकडेला टाकलेले असायचे तेव्हा माणूस आत उभा राहील एवढे, मेंढपाळ उन्हाचे त्यात बसायचे. ती यायलाच पाहिजे, मी तिच्या विरोधात नाही, आठ रेघांच्या हौदावर जगणारं कुणीच नसेल. पण पाइप मोठा झाला म्हणून धरण मोठं होत नाही. त्याच पाण्यावर वर नाशिक-नगरची धरणं, खाली परभणीपर्यंत कालवे, शेंद्रा-बिडकीनच्या कंपन्या, सगळ्यांचा डोळा. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली, पाच लाख लिटर, लोकांनी स्टेशनवर हार घातले. तेव्हा आमच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं की आपल्याकडं जायकवाडी आहे, आपल्यावर ती वेळ येणार नाही. त्याच उन्हाळ्यात जायकवाडीचं वापरायचं पाणी संपून धरण मृत साठ्यात होतं.

आणि खाम. जटवाड्याच्या डोंगरातून निघते, हर्सूल तलाव, मग बीबी का मकबऱ्याच्या अंगानं, पाणचक्कीला चिकटून, छावणीकडून पुढं. या नदीच्या काठानंच शहर वसलं. माझ्या पिढीला ती नाला म्हणूनच माहीत, पुलावरून जाताना नाकाला रुमाल. गेल्या काही वर्षांत लोखंडी पुलाकडच्या भागात तिच्या काठाची साफसफाई झाली, झाडं लागली, लोक सकाळी फिरायला जातात, मी पण गेले, आणि मनापासून सांगते, बरं वाटलं. ज्यांनी ते केलं त्यांचे उपकार आहेत. पण नदी पुलापाशी संपत नाही. खाम पुढं दक्षिणेला जाते आणि नाथसागरातच, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातच मिळते. म्हणजे आमच्या गल्लीतलं सांडपाणी उतारानं, फुकट, जायकवाडीकडं जातं, आणि आम्ही तेच धरण वीज जाळून चढावर आणतो. माझ्या नकाशावर ती बारीक निळी रेघ ज्या दिशेनं जाते ना, तिच्या टोकाला माझ्या आईचा हौद आहे.

आईचं सांगायचं राहिलं. ती गंगथडीची. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच. धरणात शंभरावर गावं गेली त्यात तिचं गाव गेलं, ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. वर माळावर पुनर्वसनात घर मिळालं, मामा अजून तिथंच. ती कधी फार बोलायची नाही त्यावर. पण २०१६च्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला, 'आक्का, गाव उघडं पडलंय, बघायला येती का?'

आम्ही गेलो. पाणी कुठल्याकुठं लांब गेलेलं. मधल्या ओल्या गाळावर लोकांनी गाळपेर केलेली, टरबुजाचे वेल. त्याच्या पुढं नुसती भेगाळलेली जमीन, एकेका भेगेत हात जाईल अशी, आणि सगळीकडं पांढरे शिंपले, चालताना पायाखाली चुरचुर वाजत होते. आईनं चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, अगं पाय पोळतील, तर ऐकलंच नाही. मारुतीच्या देवळाचा चौथरा दिसला, दगड चिखलानं लिंपल्यासारखे. तिथं ती पाठ टेकवून उभी राहिली, आणि मग पावलं मोजत निघाली. तेहतीस, चौतीस, पस्तीस. मामा म्हणाला, आक्का इकडं नाही तिकडं. ती म्हणाली, 'तू रांगत होतास, तुला काय ठावं.' बेचाळिसाव्या पावलाला थांबली. खाली एक दगडी गोल कडं होतं, गाळानं गच्च भरलेलं, आत टरबुजाचाच एक चुकार वेल उगवलेला. तो त्यांच्या घरामागचा आड. ती खाली बसली आणि गाळ बोटांनी उकरायला लागली, वीतभर उकरला, खाली ओल लागली तसं थांबली.

परत येताना तिनं मामाला विचारलं, शहराला पाणी कुठून उचलतात. मामानं लांब बोट केलं, पाण्याच्या कडेला जॅकवेलचा उंच सांगाडा दिसत होता. 'जवळच हाय की,' ती म्हणाली.

चार दिवसांनी आमचा पाण्याचा दिवस होता. रात्री पावणेतीनला नळात हवा वाजली, मी उठले तोवर ती बादली लावून बसलेली. पहिलं गढूळ पाणी तिनं दर वेळेसारखं कुंड्यांना घातलं नाही, थोडा वेळ बादली तशीच राहू दिली. तळाला काळा गाळ बसला, तो चिमटीत घेऊन बोटांत चोळून बघितला. 'आमच्याकडचाच दिसतोय गं,' म्हणाली, मग पाणी कुंड्यांना घातलं, हात धुतले, झाकण सरकवून बॅटरी मारली. तेव्हा रेघा पाचच होत्या. चौथीपर्यंत आलं आणि नळ गेले.